शेक सुरू होण्याआधी: परळमधल्या एका रेडिएशन विभागाबद्दल

रेडिएशन घ्यायचं ठरलं की नातेवाइकांपासून दुकानात येणाऱ्या बायकांपर्यंत सगळे एकच विचारतात: मशीन कुठलं आहे, नवीन आहे का? मला आता वाटतं, त्याच्या आधी दुसरंच विचारायला हवं. मशीनखाली झोपवण्याआधी तिथली माणसं आपल्यासाठी किती वेळ काढतात? परळ-शिवडी भागातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात माझ्या डाव्या स्तनाच्या रेडिएशनची तयारी नुकतीच पूर्ण झाली. पहिला शेक, म्हणजे किरणं घेण्याची पहिली खेप, सोमवारी आहे. त्यामुळे हा अभिप्राय फक्त तयारीचा आहे, शेकांचा नाही. पण मला सगळ्यात जास्त धीर मिळाला तो याच दिवसांत, म्हणून तो आत्ताच लिहून ठेवते आहे.

रुग्णालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव वाचून सगळ्यांनी तिथेच रांग लावावी असा हेतू नाही. तिथे जसं झालं तसं आपापल्या रुग्णालयात मागून घ्यावं, एवढंच सांगायचं आहे.

माझं लालबागला ब्लाउज शिवायचं दुकान आहे. वय ५४. गाठ निघाली, काखेतल्या गाठीही काढल्या, केमो झाली, डोक्यावर आता बोटभर केस आलेत. या सगळ्या काळात दुकानाला कुलूप लागलं नाही. केमोनंतरच्या वाईट दिवसांत कापायचं काम माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलीने केलं, मी खुर्चीत बसून हुक लावले, हातशिलाई केली. रेडिएशनच्या बाबतीतही माझी पहिली अट हीच होती: दुकान चालू राहिलं पाहिजे आणि गौरी-गणपतीच्या ऑर्डरी वेळेवर गेल्या पाहिजेत. डॉक्टरांसमोर असं काही बोलायला बायकांना संकोच वाटतो. एवढा मोठा आजार, आणि हिला ब्लाउजची पडलीय, असं समोरच्याला वाटेल म्हणून आपण गप्प बसतो. बोलावं. चांगल्या विभागाची ओळख तिथेच पटते.

इथे येण्याआधी मी आणखी एका ठिकाणी जाऊन आले होते. जागा चकचकीत, गारेगार. तिथे मला पॅकेजचा आकडा सांगितला, सही कुठे करायची ते सांगितलं आणि मार्किंगची, म्हणजे किरणांसाठी मापं घेऊन अंगावर खुणा करण्याची, तारीख दिली. माझा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता, ते कुणी बघितलंही नाही. डावी बाजू आहे, हृदयाला काही होणार नाही ना, असं मी विचारलं. उत्तर मिळालं, "मशीन लेटेस्ट आहे मॅडम, काळजी करू नका." काळजी मिटली नाही. मी सही न करता उठून आले.

या दुसऱ्या विभागात डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट चाळायच्या आधी विचारलं, "काय काम करता?" मी सांगितल्यावर पुढचे प्रश्न सुरू. मशीन पायाचं की मोटरचं? दिवसातून किती वेळ वाकून बसता? इस्त्री कोण करतं? डावा हात किती उचलता येतो, दाखवा. मग त्यांनी माझ्याच फाइलच्या मागच्या कोऱ्या कागदावर छातीचं चित्र काढलं, फासळ्या, फुप्फुस, हृदय, आणि किरणं कुठून तिरपी जाणार त्याच्या रेघा मारल्या. त्यांनी सांगितलं, स्तनाच्या रेडिएशनला पूर्वी ५० ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसाचं माप) एवढा डोस २५ शेकांत, पाच आठवडे चालायचा. ब्रिटनमध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासांनंतर तो ४० ग्रे, १५ शेक, तीन आठवडे इतका आटोपशीर झाला. २०२० साली तर २६ ग्रे पाच शेकांत, एका आठवड्यात देण्याच्या अभ्यासाचे निष्कर्षही आले. मी लगेच म्हटलं, मग मला तेच द्या. त्यांनी हसून नाही म्हटलं आणि कारण सांगितलं: माझ्या गळ्याच्या हाडाच्या वरच्या भागालाही शेक द्यायचा आहे, त्यामुळे त्यांना तीन आठवड्यांचा रस्ताच योग्य वाटतो. शिवाय गाठ जिथे होती तेवढ्या जागेला शेवटी थोडे जादा शेक. पटलं. कारण कळलं की तीन आठवडे मोठे वाटत नाहीत.

आणि मग वेळेचा विषय. त्या वेळेचं रजिस्टर सांभाळणारे टेक्निशियन दादा पत्ता वाचून म्हणाले, "ताई, तुम्ही लालबागच्या. तुमचा कोर्स गणपतीत येतोय. संध्याकाळी गल्लीतून बाहेर कशा पडणार?" मी हे विचारणारच होते, पण ते आधी बोलले. गणपतीत लालबागमध्ये संध्याकाळचं चालणंसुद्धा अवघड, टॅक्सी तर विसराच. त्यांनी मला सकाळची पहिल्या तासातली वेळ दिली. विसर्जनाच्या दिवशी मशीन बंद असणार, तो शेक बुडत नाही, कोर्सच्या शेवटी जोडतात, हेही तेव्हाच सांगितलं. सकाळची वेळ म्हणजे मी साडेदहापर्यंत दुकानात. माझी अट तिथेच पूर्ण झाली. मशीनच्या किमतीशी याचा काही संबंध नाही. हे पत्ता वाचण्यावर अवलंबून आहे.

आता हाताचं. स्तनाच्या रेडिएशनला दोन्ही हात डोक्यावर घेऊन झोपावं लागतं आणि तसंच पडून राहावं लागतं. काखेतल्या गाठी काढलेल्या बाईला हे सोपं नसतं. काख आखडलेली असते, आतून दोरी ओढल्यासारखी ताण देते. मॅडमनी मार्किंगची घाई न करता मला आधी फिजिओथेरपीला पाठवलं. तिथल्या मुलीने भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायला शिकवलं. जिथे हात थांबला तिथे पेन्सिलने खूण करायची, दुसऱ्या दिवशी त्या खुणेच्या वर. माझ्या दुकानातल्या ट्रायलरूमच्या भिंतीवर त्या खुणा अजून आहेत. गिऱ्हाइकं विचारतात, मी सांगते. उताणं झोपून, हातात काठी धरून ती डोक्यामागे नेण्याचाही व्यायाम होता, त्याला मी मोजपट्टीची लाकडी दांडी वापरली. ज्यांची काखेची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी हे रेडिएशनची तारीख मिळण्याची वाट न बघता डॉक्टरांना विचारून सुरू करावं, असं ती मुलगी प्रत्येकीला सांगते. शेक संपल्यानंतरही व्यायाम सोडायचे नाहीत, कारण किरणांनी ती जागा पुढे काही महिने आखडत जाऊ शकते.

सगळ्यात मन लावून शिकवलं ते श्वास धरायला. डाव्या बाजूच्या रेडिएशनमध्ये खोल श्वास घेऊन धरला की फुप्फुस फुगतं आणि हृदय छातीच्या भिंतीपासून खाली-मागे सरकतं. तेवढ्यात किरणं द्यायची, श्वास सोडला की मशीन थांबतं. इथे सगळे त्याला ब्रेथ होल्ड म्हणतात. माझ्या हृदयाच्या प्रश्नाचं हे खरं उत्तर होतं आणि ते कुणीतरी मला झोपवून, करून दाखवलं. पोटावर एक छोटा ठोकळा ठेवतात, कॅमेरा त्याची हालचाल बघतो, आणि समोरच्या पडद्यावर आपल्या श्वासाची रेघ वरखाली होते. रेघ हिरव्या पट्ट्यात नेऊन साधारण वीस सेकंद तिथे ठेवायची. सगळ्या ठिकाणी ठोकळाच असतो असं नाही. काही ठिकाणी तोंडात नळी आणि नाकाला चिमटा असतो, काही ठिकाणी कॅमेरा थेट त्वचेकडे बघतो. पद्धत कुठलीही असो, सराव लागतोच.

पहिल्या वेळी माझी रेघ पट्ट्यातून दोनदा निसटली. दादांनी कारण सांगितलं: श्वास घेताना मी पाठ उचलत होते. पाठ फळीला चिकटलेली ठेवायची, खांदे सैल, श्वास सावकाश आणि छातीत. "जोर लावू नका ताई, फूल हुंगता तसा घ्या," असं ते म्हणाले आणि मला ते जमलं. घरी सरावासाठी एक कागद दिला. सूनबाई भाकऱ्या थापता थापता मोबाइलवर सेकंद लावायची आणि मी स्वयंपाकघरातल्या जमिनीवर चटईवर उताणी. नात शेजारी झोपून माझ्याबरोबर श्वास धरायची, पण हसू आल्यामुळे तिचा दहाच्या पुढे जात नसे. ज्यांना दमा आहे किंवा श्वास धरवत नाही त्यांनी घाबरू नये, त्यांच्यासाठी डॉक्टर दुसरे मार्ग काढतात. पण ब्रेथ होल्ड मिळेल का, हे डाव्या बाजूच्या प्रत्येकीने स्वतःहून विचारावं.

मग सिम्युलेशनचा दिवस. यालाच लोक प्लॅनिंग किंवा मार्किंग म्हणतात. माझ्यासाठी उपाशीपोटी जायची गरज नव्हती, नसेतून रंगही सोडला नाही. तिरप्या फळीवर झोपायचं, हात वर कप्प्यात, गुडघ्यांखाली उशी. जखमेच्या व्रणावर बारीक तार चिकटवतात, म्हणजे स्कॅनमध्ये व्रण कुठे आहे ते दिसतं. मग सीटी स्कॅन, एकदा साध्या श्वासात, एकदा श्वास धरून. आत येण्याआधी दादांनी दाराबाहेरून विचारलं, "ताई, मी आत येऊ की सिस्टरांना पाठवू?" मला चाललं असतं, तरी मी सिस्टर म्हणाले, आणि सिस्टर आल्या. कुणी तोंड वाकडं केलं नाही.

खुणांसाठी दोन पर्याय दिले. शाईच्या रेघा मारून वर पारदर्शक चिकटपट्टी, नाहीतर गोंदणाचे बारीक ठिपके. शाई पावसाळ्यातल्या घामाने फिकी होते, मग आंघोळ करताना जीव मुठीत धरायचा, आणि कपड्यांना डाग लागतो तो वेगळाच. मी ठिपके घेतले. सिस्टरांनी शाईचा थेंब ठेवला, सुई टोचली, पुसलं. तिळाहूनही लहान निळसर ठिपका. तो कायमचा राहतो, हे त्यांनी टोचायच्या आधी नीट सांगितलं आणि विचारूनच टोचलं. एक ठिपका छातीच्या मधोमध आहे. मोठ्या गळ्याच्या ब्लाउजमधून दिसेल का, हे मी आरशात बघून घेतलं. नाही दिसत.

माझ्या धंद्यात माप चुकलं तर शिवण उसवता येते. इथे उसवायची सोय नाही, म्हणून हे लोक मापावर एवढा वेळ घालतात, हे मला लगेच उमगलं. स्कॅन झाला म्हणजे दुसऱ्या दिवशी शेक सुरू होत नाही. मधले दिवस डॉक्टर त्या स्कॅनच्या एकेका कापावर हृदय, फुप्फुस, स्तन यांच्या कडा आखतात. मग फिजिसिस्ट संगणकावर किरणांची आखणी करतात, डॉक्टर ती तपासतात, मंजूर झाली की मशीनवर माझ्याऐवजी मोजणीचं उपकरण ठेवून डोस बरोबर पडतोय का ते पडताळतात. हे मला माहीत नसतं तर "अजून बोलावलं नाही" म्हणून मी रोज फोन करून त्यांचा आणि माझा जीव खाल्ला असता.

फिजिसिस्ट सरांनी प्लॅन पडद्यावर दाखवला. मी विनंती केली होती, आणि त्यांनी दुपारच्या जेवणाच्या वेळेतली दहा मिनिटं त्यासाठी दिली. हृदयाची कड लाल रेघेने काढलेली. साध्या श्वासात ती किरणांच्या पट्ट्याला टेकत होती. श्वास धरल्यावर मधे काळी फट, फुप्फुसाची. ती फट मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली. त्यानंतर सरावाचा कंटाळा कधी आला नाही. सर स्वतः अणुशक्तीनगरच्या बाजूचे, भाभा अणुसंशोधन केंद्रातला रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा केलेले. त्यांनीच सांगितलं की देशातल्या प्रत्येक रेडिएशन विभागाला अणुऊर्जा नियामक परिषदेचा परवाना लागतो, विभागात रेडिएशन सेफ्टी ऑफिसर असावाच लागतो. ही परिषद १९८३ साली स्थापन झाली आणि तिचं मुख्य कार्यालय आपल्या मुंबईतच आहे. मशीन नवं की जुनं यापेक्षा, रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी त्याची तपासणी होते का, हे विचारायला त्यांनी मला शिकवलं. इथे होते. म्हणूनच पहिल्या तासातल्या पेशंटांना कधीकधी थोडं थांबावं लागतं, हेही कळलं.

सरांना मी नातीबद्दलही विचारलं, कारण चाळीतल्या एका वहिनींनी शेक चालू असताना पोराला जवळ घेऊ नकोस म्हणून सांगितलं होतं. बाहेरून दिलेल्या या रेडिएशनमध्ये मशीन बंद झालं की किरणं संपली, अंगात काही उरत नाही. नातीला मांडीवर घ्या, एका ताटात जेवा, म्हणाले. गोळी गिळायला देऊन किंवा शरीरात बिया ठेवून देतात त्या रेडिएशनचे नियम वेगळे, ते आपापल्या डॉक्टरांना विचारावेत.

आता कपड्यांबद्दल, कारण इथे मला सांगण्यासारखं बरंच आहे. सिस्टरांनी माझी भेट शेकांच्या शेवटच्या आठवड्यात असलेल्या एका बाईंशी घालून दिली. त्या बदलापूरहून लोकलने येतात, दिव्यांगांच्या डब्यातून, तिथे कर्करुग्णांनाही बसता येतं, फक्त रुग्णालयाचा कागद जवळ ठेवायचा. त्यांनी मला पडद्याआड नेऊन स्वतःची त्वचा दाखवली. स्तनाखालची घडी आणि काख, या दोन जागा सगळ्यात जास्त लाल, बाकी हलकी काळवंडलेली. आणि त्यांच्या ब्लाउजची शिवण नेमकी या दोन जागांवर बसत होती. कटोरीच्या खालची पट्टी घडीवर, मुंढ्याची शिवण काखेत.

मी हिंदमाताहून धुवून मऊ झालेल्यासारखी सुती मलमल आणली. नेहमीची टू बाय टू रुबिया यासाठी कडक पडते, आणि अस्तर तर नकोच. कटोरी काढून टाकली, टक्स नाहीत, पुढून उघडणारा, छातीच्या मापात नेहमीपेक्षा तीन इंच सैल. मुंढा खोल कापला आणि काखेत चौकोनी कळी घातली, म्हणजे शिवण काखेच्या मध्यावर न येता बाजूला सरकते. सगळ्या शिलाया उलट्या, म्हणजे माया (शिवणीपलीकडे उरलेलं कापड) बाहेरच्या बाजूला. दिसायला थोडं विचित्र, पण आतली बाजू हाताने चाचपली तर एकही उंचवटा लागत नाही. हुकांऐवजी कापडी बंद. खालची पट्टी बरगडीच्या खाली नेली. वरून पदर घेतला की बाहेरून काही कळत नाही, मी तो घालून दुकानात बसतेय. एक बदलापूरच्या बाईंना दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं, लोकलमध्ये पहिल्यांदाच हात काखेपासून लांब न धरता बसता आलं. वायरची ब्रा या काळात कपाटातच राहू द्यावी, हे तर सिस्टर सांगतातच.

मंगळसूत्र मशीनच्या खोलीत काढावं लागतं. माझ्या गळ्याच्या हाडावरही शेक असल्याने तिथे काही घासलेलं चालणार नाही. मी कोर्स संपेपर्यंत ते देवघरातल्या डबीत ठेवणार आहे. सासूबाईंना आधी सांगून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "देवापाशीच आहे ना? मग झालं."

त्वचेबद्दल सिस्टरांनी जे सांगितलं ते थोडक्यात: रोज कोमट पाण्याने आंघोळ, साधा सौम्य साबण, घासायचं नाही, टॉवेलने टिपून घ्यायचं. काखेत ब्लेड नाही. ऊन लागू द्यायचं नाही. मलम त्यांनी दिलं तेच, आणि शेकाच्या अगदी आधी थर देऊन यायचं नाही. हळद-चंदनाचा लेप, तुळशीचा रस, कुणी कितीही प्रेमाने दिलं तरी त्या जागेवर नको. चालू असलेली काढ्याची किंवा जीवनसत्त्वांची गोळी असेल तर डॉक्टरांना दाखवायची. जेवणात पथ्य नाही, उलट डाळ, अंडी, मासे व्यवस्थित खायला सांगितलं. श्रावण संपला की बांगडे.

थकव्याबद्दलची त्यांची माहिती मला दुकानासाठी फार कामाची ठरली. पहिल्या आठवड्यात बहुतेक बायकांना विशेष काही वाटत नाही. थकवा आणि त्वचेचा त्रास साठत जातो आणि शेवटच्या आठवड्यात, शिवाय शेक संपल्यावरही आठवडा-दोन आठवडे, सगळ्यात जास्त असतो. म्हणून मी ऑर्डरवही त्या हिशोबाने लावली. गौरींचे ब्लाउज आधीच संपवत आणले, भरतकामाची कामं पहिल्या आठवड्यात, नवरात्राचं जड काम यंदा घेणार नाही असं गिऱ्हाइकांना सांगून टाकलं. कारणही सांगितलं. एकीनेही कापड परत नेलं नाही. थकवा आला तरी पडून न राहता रोज थोडं चालायचं, त्याने थकवा कमी होतो, असं मॅडम म्हणाल्या. मी रुग्णालयातून परत येताना बस न घेता चालत येणार आहे, पाऊस नसेल तेव्हा. हिंदमाताला पाणी भरलं की तसंही बस कुठली.

तक्रारी आहेत. विभाग तळघरात आहे, लिफ्ट एकच आणि तीही स्ट्रेचरसाठी सारखी अडलेली. व्हीलचेअरवरच्या माणसांना ताटकळावं लागतं. माहितीपत्रकाची अक्षरं इतकी बारीक की माझ्या वयाच्या बाईला चष्म्यानेही वाचवत नाहीत. थांबण्याच्या जागेत टीव्हीवर सतत बातम्या, मोठ्या आवाजात. तिथे मुळात माणसं घाबरलेली असतात, तो बंद ठेवावा. आणि गाउन. जाड सिंथेटिक कापड, मागे बांधायचे बंद. एका बाजूची छाती उघडी करायची तर गाउन पूर्ण खाली ओढावा लागतो आणि दोन्ही बाजू उघड्या पडतात. एवढी दारावर टकटक करून विचारणारी माणसं, पण हा गाउन कुणी बायकांच्या नजरेने बघितलेला नाही. मी अभिप्रायाच्या वहीत लिहिलंच, शिवाय दोन्ही खांद्यांवर बंद असलेला सुती गाउन नमुन्याला शिवून दिला. हवी ती बाजू सोडायची, दुसरी झाकलेली राहते. विभागप्रमुखांनी तो धुलाईत टिकतो का हे बघायला पाठवलाय. मंजूर झाला तर कापड त्यांचं, शिलाई माझी, असं बोलणं झालं आहे.

पैशांचं. माझं काम महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झालं. यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, रेडिएशनही त्यात येतं, पण रुग्णालय योजनेत असायला हवं आणि मंजुरी शेक सुरू होण्याआधी यावी लागते. रुग्णालयात योजनेचे मदतनीस, आरोग्यमित्र, बसतात, सिम्युलेशनच्या आधीच त्यांना गाठावं. रेशनकार्ड, आधार, बायोप्सीचा रिपोर्ट, ऑपरेशनचे आणि केमोचे कागद, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. रेशनकार्डावर माझं नाव आणि आधारवरचं नाव यात एका अक्षराचा फरक होता, त्यात दिवस गेला. योजनेत बसत नसेल तर समाजसेवा विभागात जावं. महाराष्ट्रात धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा गरीब रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे, आणि गरीब रुग्णांच्या निधीसाठी बिलांच्या रकमेतले २ टक्के बाजूला काढावे लागतात. हे काउंटरवर आपणहून कुणी सांगत नाही, आपण विचारायचं. बाहेरगावाहून येणाऱ्यांनी राहण्याची सोयही समाजसेवा विभागातच विचारावी. माझ्याबरोबर सिम्युलेशनला असलेल्या संगमेश्वरच्या आजी आणि त्यांचा मुलगा दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत उतरले आहेत.

विभागाचा फोन सकाळी उचलतात, दुपारनंतर सहसा नाही. पहिल्या भेटीला जाताना ऑपरेशनचा संपूर्ण पॅथॉलॉजी रिपोर्ट न्या, फक्त डिस्चार्ज कार्ड नको, नाहीतर परत पाठवतात. पुढून उघडणारा कपडा घालून जा. सोबत येणाऱ्याला स्वेटर द्यायची गरज नाही, पण तुम्ही स्वतः मोजे न्या. सिम्युलेशनच्या खोलीत पाय गार पडतात आणि कुडकुडलं की श्वासाची रेघ हलते.